नखं काढायची की मांजर बाहेर सोडायचं? दोन्ही नको

पत्र

ताई, आम्ही नॉर्थ कॅरोलिनात कॅरीला राहतो. नवरा, मी, अडीच वर्षांची मुलगी आणि दोन मांजरी. राणी नऊ वर्षांची आहे, शेल्टरमधून (बेवारस प्राण्यांच्या निवाऱ्यातून) आणली तेव्हाच तिच्या पुढच्या पायांची नखं आधीच्या मालकांनी काढून टाकलेली होती. बुंदी एक वर्षाची, तिला नखं आहेत आणि ती सगळी आमच्या नव्या लेदरच्या सोफ्यावर चालतात. मुलीच्या हातावरही दोनदा ओरखडे आले. ऑक्टोबरमध्ये सासूबाई नाशिकहून सहा महिन्यांसाठी येतायत, त्यांना डायबेटिस आहे, ओरखडा चिघळला तर काय अशी भीती वाटते. नवऱ्याच्या ऑफिसातले एकजण म्हणतात डीक्लॉ करून टाका, म्हणजे ऑपरेशनने नखंच काढून टाका, आमचं मांजर एकदम मजेत आहे. आमच्या नेहमीच्या व्हेटने (प्राण्यांच्या डॉक्टरांनी) आम्ही करत नाही म्हणून सांगितलं. दुसरीकडे फोन केला तर ते म्हणाले करतो, लेझरने करतो, दुखत नाही. नवरा म्हणतो राणीकडे बघ, नखं नाहीत तरी किती शांत आहे, दिवसभर एका जागी पडून असते, बाथरूमच्या मॅटवर शू करते तेवढं सोडलं तर काही त्रास नाही. आणि डीक्लॉ नको असेल तर बुंदीला बाहेर राहू दे, आमच्या गावाला सगळी मांजरं बाहेरच असायची, काय बिघडलं त्यांचं? मला दोन्ही पटत नाहीये, पण वाद घालायला बसले की मुद्दे सुचत नाहीत. काय करू?

— कॅरीची मांजरवाली

उत्तर

अगं, तू सगळं पत्र बुंदीबद्दल लिहिलंयस, पण मी अडकले ती राणीच्या एका ओळीपाशी. "बाथरूमच्या मॅटवर शू करते तेवढं सोडलं तर." ते सोडायचं नाही. नवरा राणीचं उदाहरण देतोय ना, मग त्याच उदाहरणापासून सुरुवात करू, कारण तुझ्या प्रश्नाचं अर्धं उत्तर त्या मॅटवरच आहे.

आधी डीक्लॉमध्ये करतात काय ते नीट समजून घे, कारण तुझ्या नवऱ्यासारखे बरेच चांगले, प्राण्यांवर प्रेम करणारे लोक असं समजून चालतात की नख मुळापासून काढतात आणि संपलं. मांजराचं नख आपल्यासारखं कातडीतून उगवत नाही, ते बोटाच्या शेवटच्या हाडातूनच उगवतं. म्हणून नख परत येऊ नये असं हवं असेल तर ते हाडच काढावं लागतं. आपल्या हाताचं म्हणायचं तर बोटाचं टोकाकडचं अख्खं पेर, सांध्यापासून. पुढच्या दोन पायांची मिळून दहा बोटं, म्हणजे दहा वेळा. कोणी स्केलपेलने करतात, कोणी कातरीसारख्या कटरने, कोणी लेझरने. लेझरने रक्तस्राव कमी होतो हे खरं, पण जे कापायचं ते तेच असतं, सांधा तोच आणि हाडही तेच, त्यामुळे "लेझरने करतो, दुखत नाही" हे तुला फोनवर ज्यांनी सांगितलं त्यांनी अर्धीच गोष्ट सांगितली. ऑपरेशननंतरचे काही दिवस हा त्यातला छोटा भाग, खरा प्रश्न नंतरच्या दहा-पंधरा वर्षांचा आहे.

कारण मांजर टाच टेकून चालत नाही, बोटांवर चालतं. तिचं पुढचं सगळं वजन त्या बोटांवर येतं, आणि ज्या हाडाला बोट वाकवणारा स्नायुबंध चिकटलेला असतो नेमकं तेच हाड गेलेलं असतं. पंज्याखालची गादी सरकते, वजन आतल्या हाडाच्या टोकावर यायला लागतं, चाल थोडी बदलते, चालीमुळे पाठीवर ताण येतो. आणि ऑपरेशन घाईत किंवा कटरने झालं असेल तर हाडाचे बारीक तुकडे आत राहून जातात, ते पुढे टोचत राहतात, कधीकधी त्यातून वेडंवाकडं नख परत वाढायला लागतं. २०१७ मध्ये निकोल मार्टेल-मोरान आणि सहकाऱ्यांनी २७४ मांजरांचा अभ्यास प्रसिद्ध केला, निम्मी डीक्लॉ केलेली, निम्मी नखं असलेली. डीक्लॉ केलेल्यांमध्ये पाठदुखीची शक्यता जवळजवळ तिप्पट निघाली, लिटर बॉक्स (मांजराच्या शू-शीची घरातली पेटी, तिच्यात भरतात ते लिटर) सोडून भलतीकडे शू-शी करण्याची सातपट, आणि चावण्याची चौपट. डीक्लॉ केलेल्या मांजरांपैकी ६३ टक्क्यांच्या एक्सरेत हाडाचे राहिलेले तुकडे सापडले. आता अशा अभ्यासातून राणीच्या पायात नक्की काय चाललंय ते कळत नाही, ते राणीला तपासूनच कळेल, पण नऊ वर्षांची, नखं काढलेली मांजर कडक खड्यांच्या लिटरऐवजी मऊ बाथरूम मॅट निवडते आणि दिवसभर एका जागी पडून राहते, हे ऐकून "किती शांत आहे" असं मी तरी म्हणणार नाही. मांजरं दुखणं लपवतात, त्यांची जातच तशी. ओरडत नाहीत, लंगडत नाहीत, नुसती कमी हलायला लागतात, उंच उडी मारायचं सोडतात, उचलून घेतलं की आक्रसतात, आणि आपल्याला वाटतं वय झालं, स्वभाव शांत आहे.

म्हणून पहिलं काम बुंदीचं नाही, राणीचं. तुझ्या नेहमीच्या व्हेटकडेच जा, ज्यांनी डीक्लॉ करत नाही म्हणून सांगितलं त्यांच्याकडे, त्यांना या प्रश्नाची समज आहे असं त्यांच्या उत्तरावरूनच दिसतंय. शू बाहेर करण्याची बाकी कारणंही असतात, मूत्रमार्गाचा त्रास, किडनी, डायबेटिस (मांजरांनाही होतो), म्हाताऱ्या मांजराचे सांधे, त्यामुळे लघवीची आणि रक्ताची तपासणी आधी, आणि सोबत पुढच्या दोन्ही पंज्यांचा एक्सरे स्पष्ट शब्दांत मागून घे. तो कोणी आपणहून सुचवतीलच असं नाही. हाडाचे तुकडे दिसले तर ते काढता येतात, नुसती सांधेदुखी निघाली तर मांजरांसाठीची वेदनाशामक औषधं आता बरी मिळतात. घरातली माणसांची गोळी मात्र चुकूनही द्यायची नाही, टायलेनॉल म्हणजे आपलं क्रोसिन, त्याची एक गोळीसुद्धा मांजराचा जीव घेऊ शकते. हे सासूबाईंनाही सांगून ठेव, कारण आपल्याकडे प्रेमाने अर्धी गोळी देणारे हात खूप.

आणि रिपोर्टची वाट न बघता लिटर बदल. कडक खडे काढून बारीक वाळूसारखं किंवा कागदाच्या लगद्याचं मऊ लिटर घे, एका बाजूने बुटका कडा असलेला बॉक्स घे, आणि तो बॉक्स सध्या त्या मॅटच्या शेजारीच ठेव. दोन मांजरी असतील तर बॉक्स तीन हवेत, आणि तिन्ही एकाच कोपऱ्यात मांडायचे नाहीत, नाहीतर बुंदी दारात बसली की राणीचे तिन्ही बंद.

लिटरवरून आठवलं, कारण हे सगळं आलं कुठून ते तुझ्या नवऱ्याला कळलं तर बरं. अमेरिकेत मांजर चोवीस तास घरात राहायला लागलं ते फार जुनं नाही. पूर्वी लोक राख नाहीतर वाळू ठेवायचे आणि बहुतेक मांजरं बाहेर जाऊन यायची. १९४७ मध्ये मिशिगनमधल्या एडवर्ड लो यांनी तेल-पाणी शोषणाऱ्या मातीचे दाणे पिशवीत भरून किटी लिटर म्हणून विकायला सुरुवात केली, वास कमी झाला आणि मांजर घरात राहणं लोकांना जमायला लागलं. मांजर घरात आलं तशी त्याची नखंही सोफ्यापर्यंत आली, आणि पुढच्या दशकांत डीक्लॉ हे तिथे नसबंदीबरोबर उरकून टाकायचं नेहमीचं ऑपरेशन होऊन बसलं. म्हणजे मांजराला घरात आणल्यावर तिच्या नखांची सोय करण्याऐवजी नखंच काढून टाकली. तुझ्या नवऱ्याच्या ऑफिसातले गृहस्थ दुष्ट नाहीत, त्यांच्या लहानपणी तिकडे बहुतेकांना हे असंच माहीत होतं.

पण तिथलं मत आता खूप बदललंय. वेस्ट हॉलीवूड शहराने २००३ मध्येच बंदी घातली होती, २०१९ मध्ये न्यूयॉर्क हे पहिलं राज्य झालं, २०२२ मध्ये मेरीलँड, २०२४ मध्ये तुमच्या अगदी शेजारचं व्हर्जिनिया, २०२५ च्या सुरुवातीला मॅसॅच्युसेट्स. या कायद्यांमध्ये मांजराच्या स्वतःच्या आजारासाठी, म्हणजे नखाच्या हाडाला गाठ झाली वगैरे, सूट असते, सोफ्यासाठी नसते. बॅनफील्ड, व्हीसीए आणि ब्लूपर्ल या मोठ्या दवाखान्यांच्या साखळ्यांनी २०२० मध्ये हे ऑपरेशन थांबवलं, आणि त्याच वर्षी अमेरिकन व्हेटर्नरी मेडिकल असोसिएशननेही हौसेखातर केलेलं डीक्लॉ नको, आधी बिनऑपरेशनचे उपाय करा अशी भूमिका घेतली. ब्रिटनमध्ये तर हे कायद्याने गुन्हाच आहे, इस्राएलमध्येही. तुमच्या नॉर्थ कॅरोलिनात राज्याचा असा कायदा नाही म्हणून तुला फोनवर हो म्हणणारे भेटले. तुमच्या घरापासून थोडे तास उत्तरेला गाडी चालवलीत तर तेच ऑपरेशन करायला बंदी आहे, हे नवऱ्याला सांग, मला वाटतं याचा त्याच्यावर परिणाम होईल.

एक जुना युक्तिवाद तुला ऐकायला मिळेल, की डीक्लॉ बंद केलं तर लोक मांजरं शेल्टरमध्ये आणून सोडतील, त्यापेक्षा नखं गेलेली बरी. कॅनडात ब्रिटिश कोलंबियामध्ये २०१८ मध्ये बंदी आली, त्यानंतर तिथल्या शेल्टर्सच्या नोंदी तपासल्या गेल्या, तर फर्निचर खराब करते म्हणून सोडून दिलेल्या मांजरांचं प्रमाण वाढलेलं दिसलं नाही. उलट लिटर बॉक्सबाहेर शू करणं हे मांजर घराबाहेर काढण्याचं नेहमीचं कारण आहे, आणि डीक्लॉमुळे तेच वाढण्याचा धोका, म्हणजे सोफा वाचवायला जाऊन गालिचा आणि गादी दोन्ही जायची.

सासूबाईंच्या डायबेटिसचं म्हणशील तर तुझी काळजी मला पूर्ण कळते, ती हसण्यावारी न्यायची नाही. पण इथे दोन गोष्टी लक्षात घे. ज्यांची प्रतिकारशक्ती फार खालावलेली असते अशा एचआयव्हीच्या रुग्णांसाठी अमेरिकेतल्या सरकारी वैद्यकीय मार्गदर्शक सूचना आहेत, त्यातसुद्धा मांजराचं डीक्लॉ करा असा सल्ला नाही, सल्ला आहे तो पिसवांचा बंदोबस्त ठेवा, मस्तीचे खेळ टाळा, ओरखडा आला की लगेच धुवा असा. पिसवा का, तर ओरखड्यातून जो ताप येतो त्याचे जंतू मांजरांमध्ये पिसवांमार्फत पसरतात. त्यामुळे दर महिन्याचं पिसवांचं औषध दोघींना, घरातल्या घरात असल्या तरी. दुसरं, मांजराचा चावा ओरखड्यापेक्षा जास्त वाईट, दात बारीक आणि खोल जातात, वरून छोटंसं भोक दिसतं आणि आत पू होतो. नखं काढलेल्या मांजराकडे स्वतःचं रक्षण करायला दातच उरतात. डायबेटिस असलेल्या माणसाशेजारी चावरी मांजर ठेवण्यापेक्षा नखं कापलेली मांजर कितीतरी बरी. ओरखडा आला तर साबण-पाण्याने पाच मिनिटं धुवायचा, चावली तर त्याच दिवशी डॉक्टर, वाट बघायची नाही, हे फ्रिजवर लिहून लाव.

आता बाहेर सोडायचं. तुझ्या नवऱ्याच्या गावच्या आठवणी खोट्या नाहीत. आपल्याकडे मांजर वाड्यात यायचं, धान्याच्या कोठीत उंदीर मारायचं, चुलीजवळ झोपायचं, रात्री कौलांवर. पण त्याला विचार की त्यातली किती मांजरं म्हातारी झालेली आठवतात? पिल्लं व्हायची, त्यातली दोन-तीन दिसेनाशी व्हायची, बोका कधी कुत्र्यांनी धरला, कधी एसटीखाली गेला, आणि पुढच्या पावसाळ्यात नवीन पिल्लं असायची, म्हणून आपल्याला मांजरं कायम होती असंच वाटतं. गावात काय बिघडलं याचं उत्तर हे आहे, बिघडायचं, आपण मोजायचो नाही. आणि ती मांजरं जी जगली ती नखांच्या जिवावर, कुत्रं मागे लागलं की झाडावर सरसर चढायची म्हणून.

कॅरीचं बाहेर तर वेगळंच. नॉर्थ कॅरोलिनाच्या शंभरच्या शंभर काउंट्यांमध्ये कोयोटी (कोल्ह्या-लांडग्यासारखे जंगली प्राणी) आहेत, आणि ते जंगलातच राहतात असं नाही, घरांच्या मागच्या झाडीतून रात्री फिरतात. रकून आणि वटवाघळांमध्ये रेबीज असतो. कॉपरहेड साप असतात, गोचिड्या असतात, बाकी मांजरांशी मारामाऱ्या झाल्या की एफआयव्ही आणि फिलाइन ल्युकेमियासारखे मांजरांमध्ये पसरणारे विषाणूंचे आजार. आणि रस्ता. तुमच्या राज्यात चार महिन्यांवरच्या मांजराला रेबीजची लस कायद्याने लागते, घरातल्या मांजरालाही, ती दोघींची झालीये ना ते आजच कागद काढून बघ. रेबीजची लस नसलेली मांजर कोणाला चावली किंवा घरात शिरलेल्या वटवाघळाशी खेळली की प्रकरण फार पुढे जातं.

आणि एक बाजू अशी जी आपल्या घरांमध्ये फारशी बोलली जात नाही, पक्ष्यांची. २०१३ मध्ये नेचर कम्युनिकेशन्समध्ये आलेल्या अंदाजाप्रमाणे अमेरिकेत मोकळी फिरणारी मांजरं वर्षाला १३० कोटी ते ४०० कोटी पक्षी मारतात. त्यातला मोठा वाटा बेवारस मांजरांचा आहे हे खरं, पण पोट भरलेली घरची मांजरही शिकार करते, तिला भूक लागते म्हणून नाही तर हललेलं दिसलं की झडप घालायची हे तिच्या अंगातच आहे. तुमच्या अंगणात कार्डिनल येत असतील, रेन येत असतील, ते बुंदीने खिडकीच्या आतून बघितलेले सगळ्यांनाच बरे. ब्रिटनमध्ये अजूनही बरेच लोक मांजर बाहेर सोडतात आणि तिकडचे मांजरप्रेमी घरात कोंडणं क्रूर मानतात, तो वेगळा देश आहे, तिथे कोयोटी नाहीत, मी त्यांच्याशी भांडणार नाही. पण तुमच्या जागी माझं मत स्पष्ट आहे, बुंदी घरात. आणि राणी तर कुठल्याही परिस्थितीत एकटी बाहेर जाता कामा नये, दरवाजा उघडा राहिला म्हणूनसुद्धा नाही, तिला पुढची नखं नाहीत, झाडावर नीट चढताही येणार नाही. दोघींना मायक्रोचिप आहे का बघ आणि चिपच्या नोंदणीत तुझा सध्याचा फोन नंबर आहे का तेही, राणीच्या चिपच्या नोंदणीत आधीच्या मालकांचा असण्याची शक्यता खूप.

पण घरात ठेवायची म्हणजे नुसती दार लावून ठेवायची असं नाही, आणि इथे तुझ्या नवऱ्याचं मन मला कुठेतरी पटतं, त्याला बुंदी कोंडल्यासारखी वाटत असणार. त्याच्या या भावनेचा उपयोग करून घे. एक वर्षाची मांजर म्हणजे ऐन उधाणात असलेली पोर, तिला रोज दोनदा दहा-पंधरा मिनिटं पळवायला लागतं, काठीला दोरी आणि पिसं लावलेलं खेळणं घेऊन, आणि शेवटी ते पकडू द्यायचं आणि लगेच खायला द्यायचं, शिकार केली, खाल्लं, झोपली. रात्री झोपायच्या आधी हे केलंस तर पहाटे चारला तुमच्या अंगावर उड्या मारणंही कमी होईल. खिडकीत बसायला फळी किंवा हॅमॉक, भिंतीवर दोन-तीन फळ्या चढत्या. मागे डेक असेल तर जाळी लावून कॅटिओ, म्हणजे मांजरासाठी बंदिस्त अंगण, करता येतो, मात्र टाउनहाऊस असेल तर आधी एचओएला (घरमालकांच्या सोसायटीला) विचारा, नाहीतर ते पत्र पाठवतील. हार्नेस घालून फिरवणं काही मांजरांना जमतं, काहींना अजिबात नाही, घरात आठवडाभर नुसता हार्नेस घालून बघ, ती लादीवर आडवी पडून राहिली तर नाद सोडून दे.

सोफ्याकडे येते, कारण भांडणाचं मूळ तिथेच आहे. बुंदी सोफा फाडत नाहीये, ती तिथे तीन कामं करतेय. नखावरचं जुनं कवच काढतेय, झोपेतून उठल्यावर खांद्यापासून पाठीपर्यंत ताणून घेतेय, आणि पंज्यांमधल्या ग्रंथींचा वास लावून ही जागा माझी असं सांगतेय. हे ती बंद करू शकत नाही, करूही नये. तुला फक्त जागा बदलून द्यायचीये. म्हणून आधी बघ ती सोफ्याच्या कुठल्या भागावर नखं घासते, हाताच्या बाहेरच्या उभ्या बाजूवर की बसायच्या आडव्या भागावर. उभ्या बाजूवर असेल तर उभा खांब हवा, किमान तीन फूट उंच म्हणजे तिला मागच्या पायांवर उभं राहून पूर्ण ताणता आलं पाहिजे, आणि बुड इतकं जड की तिने ओढलं तरी हलता कामा नये. दुकानात मिळणारे ते दीड फुटी, गुबगुबीत कापड लावलेले खांब बहुतेक वेळा वाया जातात, एकदा डुगडुगला की मांजर परत त्याच्याकडे बघत नाही. सिसलच्या (घायपातासारख्या खरखरीत धाग्याच्या) दोरीचा खांब बघ. तुझ्या नवऱ्याला हाताने काही करायची आवड असेल तर जाड लाकडी पोस्ट, रुंद पाट आणि सिसलची दोरी आणून एका शनिवारी तो स्वतः बनवू शकतो, आणि स्वतः बनवलेल्या खांबावर मांजर चढली की माणूस मांजराच्या बाजूने बोलायला लागतो, हे मी खूप घरांत पाहिलंय. आडवं आवडत असेल तर पुठ्ठ्याचे स्क्रॅचर, किंवा दारातलं काथ्याचं पायपुसणंसुद्धा चालतं.

खांब ठेवायचा कुठे, तर सोफ्याला चिकटून, अगदी ती जिथे नखं लावते तिथे, दिवाणखान्यात कसं दिसेल याचा विचार पहिले दोन महिने करायचा नाही. सोफ्याच्या त्या कोपऱ्याला मांजरांसाठीची दोन्ही बाजूंनी चिकट असलेली पारदर्शक पट्टी लाव, पण लेदरवर आधी मागच्या कोपऱ्यात लावून बघ डाग पडतो का, नाहीतर सरळ जाड चादर खोचून टाक. चिकट लागलं की पंजा मागे घेईल आणि शेजारी खांब असेल. खांबावर नखं लावली की लगेच शाबासकी आणि खाऊ. तिचे पाय धरून खांबावर घासायचे नाहीत, त्याने ती खांबालाच घाबरेल. पाणी मारायचं नाही, ओरडायचं नाही, त्याने मांजर एवढंच शिकतं की तुम्ही खोलीत नसताना सोफ्याकडे जायचं. तिला सवय लागली की खांब रोज थोडा थोडा सरकवत तुला हव्या त्या जागी ने. दुसरा एक ती झोपते तिथे ठेव, कारण उठल्या उठल्या ताणायची सवय असते.

आणि नखं कापायची, दर दोन-तीन आठवड्यांनी. खरं सांगायचं तर मुलीच्या हाताचे निम्मे ओरखडे यानेच बंद होतील. ती पेंगत असताना मांडीवर घे, बोटाच्या गादीवर हलकं दाबलं की नख बाहेर येतं, आतली गुलाबी नस दिसते ती सोडून पुढचा पांढरा आकडा तेवढा कापायचा. मांजरांचं छोटं कटर घे. पहिल्या दिवशी दोनच नखं आणि लगेच चाटायची पेस्ट, उद्या आणखी दोन, घाई केलीस तर सहा महिने हात लावू देणार नाही. राणीच्या मागच्या पायांची नखंही कापायला लागतीलच. तरीही काळजी वाटत असेल तर सासूबाई येण्याआधी नखांवर बसवायच्या मऊ प्लॅस्टिकच्या टोप्या मिळतात, गोंदाने बसवतात, चार ते सहा आठवड्यांत नखाबरोबर गळतात, परत बसवायच्या. पहिल्यांदा व्हेटकडून किंवा ग्रूमरकडून बसवून घे.

मुलगी अडीच वर्षांची आहे, तिला मांजराची भाषा शिकवणं हे तिच्याही आणि बुंदीच्याही भल्याचं. बुंदी शेपटी आपटायला लागली, कान मागे गेले की हात मागे. पोटाला हात नाही, झोपलेलीला उठवायचं नाही, उघड्या हाताने खेळायचं नाही, खेळायचं ते काठीने. ते दोन ओरखडे कधी आले ते आठवून बघ, मला जवळपास खात्री आहे की मुलीने तिला मिठी मारली होती किंवा शेपटी धरली होती. दोघींना एकटं सोडू नका, आणि बुंदीला चढून बसायला एखादी उंच जागा असू दे जिथे मुलीचा हात पोचत नाही.

सासूबाई घरात असतील तर ती मला उलट जमेची बाजू वाटते. दिवसभर घरात माणूस, उन्हात खुर्ची, त्यांच्या हातात ती काठी द्या, राणीला विंचरायला ब्रश द्या. फक्त दूध-पोळी नको, मोठ्या मांजरांना दूध बहुतेक वेळा पचत नाही, आणि कांदा-लसूण घातलेलं काहीही नको, तो मांजराला विषारी असतो. घरात लिलीची फुलं आणायची नाहीत, तिचे परागकणही मांजराची किडनी निकामी करतात.

नवऱ्याशी बोलताना कायदे आणि आकडे पहिल्याच दमात काढू नकोस. आधी राणीच्या पंज्यांचा एक्सरे काढ आणि तो बघायला त्याला सोबत घेऊन जा, त्याच्याच उदाहरणाचा तो एक्सरे आहे. व्हेटला सांग की दोघांना नीट समजावून सांगा, कुठलं हाड आहे, कुठलं नाही. अपॉइंटमेंटसाठी फोन करशील तेव्हा "मांजर बाहेर शू करते" एवढंच सांगू नकोस, "पुढच्या पायांचं डीक्लॉ झालेलं आहे, पंज्यात दुखत असावं असं वाटतं, एक्सरे हवाय" असं सांग म्हणजे वेळ तेवढा देतील, आणि शक्य झालं तर आदल्या दिवशी ती चालतानाचा, सोफ्यावर चढतानाचा आणि लिटर बॉक्समधून बाहेर येतानाचा व्हिडिओ फोनवर काढून ने, कारण दवाखान्यात मांजरं घाबरून एका कोपऱ्यात दबून बसतात आणि चाल दिसतच नाही. रिपोर्ट आला की मला लिही, औषध सुरू केलं तर लिटरचं काय करायचं ते त्यावरून बघू.